वारा सुटायच्या आधीचे तास

२१ मे २०२४, मंगळवार. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळी सहाच्या सुमारास वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक तरुण जोडपं, त्यांची दोन चिमुकली लेकरं, बोट चालवणारा, आणखी एक जण आणि एक पोलीस अधिकारी. अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले.

आमच्या वालूर गावाहून उजनी लांब आहे, पण धरणाचं पाणी सगळीकडे सारखंच वागतं. आमच्या सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीला निम्न दुधनाचं धरण आहे, शेजारच्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी आहे. कयाकमध्ये बसून मासे धरणाऱ्यांचे व्हिडिओ आता आपल्या पोरांच्या फोनवर रोज येतात आणि लगेच विचारणा सुरू होते: कयाक कोणती घ्यावी, रॉड किती फुटाची, रीळ कुठलं? प्रश्न रास्त आहेत, हौसही चांगली आहे. पण मला वाटतं, या प्रश्नांची उत्तरं दुकानात शोधण्याआधी उजनीची ती संध्याकाळ तासातासाने डोळ्यांपुढून न्यावी. ती बोट मासेमारीची नव्हती, कयाक तर नव्हतीच. पण ज्या वाऱ्याने ती उलटली तो वारा बोटीची जात विचारत नाही. खाली आकाशाचे जे तास दिले आहेत ते त्या एका दिवसाच्या नोंदी नव्हेत. मे महिन्यातला वळवाचा दिवस दख्खनात ज्या क्रमाने उलगडतो, तो क्रम आहे.

आदली संध्याकाळ

कयाक निवडायची ती याच वेळी, म्हणजे पाण्यापासून दूर आणि डोकं शांत असताना. कयाकचे दोन मुख्य प्रकार. एकात माणूस आत शिरून बसतो, पाय कवचाखाली जातात. दुसऱ्यात तो वरच्या उघड्या तक्त्यावर बसतो. मासेमारीला नवख्याने दुसरीच घ्यावी. तिच्या बैठकीत आरपार भोकं असतात, त्यातून वर आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. उलटली तरी ती पाण्याने भरत नाही, आणि सुलटी करून परत वर चढता येतं. आत बसायची कयाक एकदा भरली की तिच्यातलं पाणी भर जलाशयात उपसणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं काम.

लांबी दहा ते बारा फूट आणि रुंदी तीस इंचांच्या वर, हे मासेमारीच्या कयाकचं नेहमीचं माप. रुंद कयाक डोलते कमी, पण पळतेही कमी. वाऱ्याविरुद्ध वल्हवताना तो फरक दंडांना कळतो. कयाकवर तिची वजन पेलण्याची कमाल मर्यादा लिहिलेली असते. त्यात तुम्ही, सामान, पाणी आणि धरलेले मासे सगळं आलं. ती मर्यादा गाठेपर्यंत कयाक लादायची नसते, तिच्या दोन तृतीयांशावर थांबायचं. वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, रुंद कयाकला साधारण २३० ते २५० सेंटीमीटर लांबीचं लागतं. आणि ते कयाकला दोरीने बांधलेलं हवं. मासा लागला की दोन्ही हात रॉडकडे जातात, त्याच क्षणी वल्हं सरकून पाण्यात पडतं. वल्हं गेलं की कयाक म्हणजे वारा नेईल तिकडे जाणारा ओंडका.

घरच्यांना सांगायची गोष्टही आदल्या संध्याकाळचीच. कुठल्या काठावरून उतरणार, किती वाजता परत येणार, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून ११२ ला फोन करायचा, हे कागदावर लिहून घरात ठेवावं. ह्याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुतेक जण हे करत नाहीत.

पहाट ५ ते सकाळी ९

मासेमारीचे खरे तास हेच. आपल्याकडचे भोई मच्छीमार ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जलाशयात जातात. लावलेली जाळी पहाटे काढतात आणि ऊन चढायच्या आत काठावर असतात. मासा तेव्हाच हलतो हे एक कारण, आणि वारा तेव्हाच निजलेला असतो हे दुसरं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांचं हे वेळापत्रक आहे. हौशी माणसाने दुसरं कुठलं शोधू नये.

सामान सुरुवातीला थोडकंच. साडेसहा-सात फुटाची एक रॉड, मध्यम आकाराचं एक स्पिनिंग रीळ, त्यावर विणीचा दोरा, पुढे हातभर तंगूस. काठच्या गवतात मरळ असते, तिला वरून ओढायचं प्लास्टिकचं बेडूक चालतं. कटला, रोहू, मृगळ यांना कणकेचा किंवा पेंडीचा गोळा. चिलापी कशालाही येते. दोन रॉडी, चार डबे, मासे शोधणारं यंत्र हे सगळं नंतर. कयाकमध्ये जितकी वस्तू जास्त, तितका उलटल्यावर पायात गुंता जास्त.

तिकाट्या गळाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. एकाच दांड्याला तीन आकडे असलेला हा गळ कयाकमध्ये मांडीपासून वीतभर अंतरावर लोंबत असतो. कयाक कलंडली की तो विजारीत, जॅकेटच्या पट्ट्यात किंवा थेट तळहातात घुसतो, आणि त्याचा दोरा कयाकला अडकलेल्या रॉडला बांधलेला असतो. म्हणजे माणूस पाण्यात आणि कयाकला जखडलेला. म्हणून वापरात नसलेल्या प्रत्येक गळाला टोपण हवं, गळाची नांगी पकडीने आधीच दाबून टाकलेली हवी, आणि जॅकेटच्या छातीवर एका हाताने निघेल असा चाकू हवा. बोथट टोकाचा, दोरा कापायचा. डब्यातला चाकू उपयोगाचा नाही. जाळीच्या तंगुसातही वल्हं असंच अडकतं, आणि ती जाळी कुणाच्या तरी पोटाची असते. तरंगणारे बोये, बाटल्या दिसल्या की लांबून वळसा घालावा.

आणखी एक. आपल्या जलाशयांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, आणि पाणी जलसंपदा खात्याचं. उतरण्याआधी दोन्हीकडे विचारावं. संस्थेच्या माणसांशी ओळख झाली की पाण्यातले खुंट, बुडालेल्या गावाच्या भिंती, अचानक खोल होणारी जागा हे सगळं तोंडी कळतं. नकाशात ते मिळत नाही.

दुपारी १२ ते ३

या तासांत आकाश निळं आणि निरागस असतं. खाली जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, तिच्यासोबत बाष्प चढतं. एकच्या सुमारास कापसाच्या बोंडांसारखे ढग दिसू लागतात. तीनपर्यंत त्यातला एखादा ढग इतरांना मागे टाकून उभा वाढायला लागतो. मे महिन्यात उकाडा नकोसा झाला, हवा गच्च थांबली, की आपली म्हातारी माणसं म्हणतात, आज येतंय. ते बरोबर असतं.

याच तासांत उजनीच्या काठावरचा माणूस आपलं काम उरकून परतीचा विचार करत असतो. कुगाव आणि कळाशी पाण्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. १९८० साली धरण झालं, भीमेचं पात्र पसरून जलाशय झाला, आणि नदीच्या दोन काठांवरचा शेजार तुटला. तेव्हापासून बोट ही तिथल्या लोकांची एसटी आहे. हौस म्हणून त्यात कुणी बसत नाही. बाजार, नातेवाईक, दवाखाना यांच्यासाठी बसतात. हे लक्षात ठेवूनच त्या सहा जणांबद्दल बोलावं.

दुपारी ४

उभा ढग आता वर जाऊन पसरतो. माथा सपाट होतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. बूड काळं पडतं. हा ढग दिसला की कयाकवाल्याचा दिवस संपला. पाऊस पडत नाहीये, ढग तिकडे लांब आहे, हे दोन्ही विचार चुकीचे. पावसासोबत ढगातून गार हवेचा लोट खाली कोसळतो, जमिनीला आपटतो आणि चहूबाजूंनी पसरत पावसाच्या कितीतरी पुढे पळतो. आपल्याला जो अचानक गार झोत लागतो आणि हायसं वाटतं, तोच हा. शेतात तो सुखाचा असतो. पाण्यावर तो शेवटचा इशारा असतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर दाखवतं. ते फोनमध्ये असावं. फोन नसला तरी मोजणी आहे. वीज चमकली की आकडे मोजायचे. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पाण्याबाहेर पडायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. कार्बनची रॉड वीज वाहून नेते, ती उभी धरून सपाट पाण्याच्या मध्यावर बसणं म्हणजे त्या टापूतली सर्वांत उंच वस्तू होणं.

संध्याकाळी साडेपाचच्या पुढे

कुगावच्या काठावरून बोट सुटण्याची वेळ जवळ येते. या अर्ध्या तासाइतका महत्त्वाचा दुसरा अर्धा तास या घटनाक्रमात नाही, कारण माणसाच्या हातात असलेला हा शेवटचा. पाऊल काठावर असेपर्यंत सगळं परत फिरवता येतं.

बोटीत लाइफ जॅकेट नव्हती, हे दुर्घटनेनंतर सर्वत्र छापून आलं. आपल्याकडे जॅकेट न घालण्याचं एक कारण सगळीकडे ऐकू येतं: मला पोहता येतं. आमच्या वालूरला गोल बारव आहे, तिच्या पायऱ्या सर्पासारख्या वळत पाण्यापर्यंत उतरतात. मराठवाड्यातला माणूस पोहायला शिकतो तो अशा बारवेत नाहीतर विहिरीत. तिथे कुठेही असलात तरी चार हात मारले की दगड हाताला लागतो, पायरी पायाला लागते, आणि वर कुणीतरी उभं असतं. विहिरीत वारा नसतो, लाट नसते. हे पोहणं खरं आहे, पण धरणाच्या मध्यावर ते पुरत नाही. तिथे काठ अर्धा-एक किलोमीटर लांब असतो, लाट तोंडावर फुटते, श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाणी आत जातं, अंगावरची जीन्स आणि पायातले बूट प्रत्येक हालचाल जड करतात. चांगला पोहणारासुद्धा ताशी दोन-तीन किलोमीटरच जातो, तोही शांत पाण्यात.

म्हणून सामानाच्या यादीत पहिलं नाव लाइफ जॅकेटचं, कयाकचंही त्याच्यानंतर. फुगवायचं नको, फोम भरलेलं घ्या. त्यावर उचल न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगत ठेवतं. १०० न्यूटनचं, गळ्याभोवती कॉलर असलेलं, माणसाचं तोंड आकाशाकडे वळवायला बनवलेलं असतं. पोहता येत नसेल तर दुसरंच. कयाकसाठी बनवलेल्या जॅकेटची पाठ आखूड असते, त्यामुळे खुर्चीला टेकल्यावर ते वर सरकत नाही आणि दंड मोकळे राहतात. घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर ते मापाचं नाही. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीच चालत नाही, मूल खालून निसटतं आणि जॅकेट वर राहतं. त्यांना वजनाप्रमाणे लहान माप, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा. आणि जॅकेट अंगावर असतं किंवा नसतं. पायाशी ठेवलेलं, खुर्चीला अडकवलेलं जॅकेट उलटल्यावर घालता येत नाही.

सहाच्या सुमारास

वारा येतो. ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. कयाकवाल्याची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे आहे. वळवाचा झोत याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने येऊ शकतो, आणि उघड्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. जितकं लांब पाणी वाऱ्याखाली येतं तितकी लाट मोठी होते. वारा ज्या काठावरून येतो त्या काठापेक्षा मध्यावर मोठी लाट भेटते ती यामुळे.

कयाकमध्ये असाल तर बाजू लाटेला द्यायची नाही. नाक लाटेकडे थोडं तिरपं, वजन खाली, वल्हं सतत पाण्यात. घर ज्या काठाला आहे तिकडे जायचा हट्ट सोडून वारा ज्या काठाला नेतो तिकडेच, तिरपं तिरपं, लागायचं. गाडी मागे राहिली तर राहू द्या. नांगर टाकला असेल तर तो कापून टाका. नांगर फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायचा असतो. कडेला बांधलेला नांगर वाऱ्यात कयाकची एक बाजू खाली ओढतो आणि तीच बाजू पाणी पिते.

त्या संध्याकाळी उजनीत बोट उलटली. सात जण पाण्यात पडले.

पुढची दहा मिनिटं

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वासाचीच मारामार असते, आवाजाला हवा उरत नाही. हात वर हलवायला जमत नाही, ते पाण्यावर दाबले जातात. पोहता न येणारा माणूस अशा स्थितीत मिनिटभरसुद्धा तग धरत नाही. मेंदूला चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा सुरू होते. मदत काठावरून निघेपर्यंत हा काळ संपलेला असतो. म्हणूनच या दहा मिनिटांत उपयोगी पडतं ते फक्त अंगावर असलेलं सामान.

कयाक उलटली तर पहिलं काम, तिला धरून राहणं. रिकामी कयाक वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते, दहा हात सुटली की गेली. मग तिच्या बुडाशी जाऊन पलीकडची कड धरून अंगाच्या भाराने ती सुलटी करायची. बाजूने पाय जोरात मारत, पोट कयाकवर येईपर्यंत स्वतःला आडवं वर ढकलायचं. आधी पोट, मग वळून बूड, शेवटी पाय. हे वाचून येत नाही. उन्हाळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, काठावर दोन माणसं उभी करून मुद्दाम उलटून उलटून शिकावं लागतं. वर चढणं जमत नाही तोवर काठापासून लांब जाऊ नये, रॉड कितीही चांगली असली तरी.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं आपल्या गावांत अजून चालतं. ते थांबलं पाहिजे. त्यात जाणारी मिनिटं जीव घेतात. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध दाब, तीस दाबांना दोन श्वास, १०८ येईपर्यंत.

रात्र

मे अखेरीस उजनीवर सातच्या सुमारास सूर्य मावळतो. बोट उलटली तेव्हा दिवसाचा जेमतेम तास उरला होता. काठाला लागलेल्या अधिकाऱ्यांमुळे बातमी कळली आणि शोध सुरू झाला. पण अंधारात पाण्यावरचं डोकं शंभर पावलांवरूनही दिसत नाही. मण्याविना वाजणारी, भिजली तरी चालणारी शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी. आवाज बसतो, शिट्टी बसत नाही. डोक्याला लावायचा जलरोधक दिवा, भडक नारिंगी किंवा पिवळं जॅकेट, आणि फोन गळ्यातल्या बंद पिशवीत. कयाकच्या डब्यातला फोन कयाकबरोबर जातो. हिरवी-तपकिरी, पाण्याच्या रंगाची कयाक दुकानात छान दिसते, शोधणाऱ्याला ती दिसत नाही.

२२ मे, बुधवार

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. दोन्ही काठांवर गाव लोटलं. त्या उन्हाळ्यात उजनीचा साठा मृत पातळीच्याही खाली गेला होता, दुष्काळाच्या बातम्यांत धरणाचा उघडा पडलेला तळ रोज दाखवत होते. तरीही बोट सापडली ती सुमारे पस्तीस फूट पाण्याखाली. धरण आटलं म्हणजे ते उथळ झालं असं नाही, जुनं नदीपात्र तसंच खोल असतं. माणसं मात्र त्या दिवशी मिळाली नाहीत.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमेचा दिवस. सकाळपासून मृतदेह पाण्यावर येऊ लागले. बोट उलटून छत्तीस तासांहून अधिक काळ लोटला होता. आई, वडील आणि दोन्ही लेकरं एका घरची.

उजनीत हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. २०१७ च्या एप्रिलअखेरीस याच जलाशयात मच्छीमारी बोटीतून फिरायला गेलेल्या डॉक्टरांपैकी चौघे बुडाले होते. सात वर्षांनी पुन्हा तेच पाणी.

निम्न दुधना असो, येलदरी असो की जायकवाडी, कयाक घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: पहिला रुपया जॅकेटवर घाला, उरलेल्या पैशांत मासेमारीचं सामान बसवा. सकाळी नऊला पाण्याबाहेर या. आणि ज्यांना हौस नाही, गरज म्हणून बोटीत बसावं लागतं, त्यांच्यासाठी ग्रामसभेत उभं राहून प्रत्येक बोटीमागे पुरेशी जॅकेट मागा. त्यात मुलांच्या मापाची वेगळी मागा. ती काठावर येईपर्यंत, आभाळ भरलेलं असेल त्या संध्याकाळी बोट सोडू देऊ नका.